वसईचा गोन्सालो गार्सिया जपानमध्ये क्रुसावर कसा पोचला

प्रश्न असा आलाय की संत गोन्सालो गार्सिया खरंच वसईचे का, की पोर्तुगीज होते? ते भारतातले पहिले संत असतील तर पेपरात सिस्टर अल्फोन्सांना पहिल्या संत का म्हटलं? आणि मुळात वसईच्या माणसाला जपानमध्ये क्रुसावर द्यायचं कारण काय? मी बरीच वर्षं वसई किल्ल्यात लोकांना फिरवतो, धर्मग्रामातल्या (म्हणजे पॅरिशमधल्या) पोरांना हाच इतिहास शिकवतो, आणि दर वेळी हे तीन प्रश्न कुणीतरी विचारतंच. त्यामुळे एकदाच नीट लिहितो, लांबेल, वेळ काढून वाचा. आणि हो, मी पुढे "तो" म्हणणार आहे, "ते" नाही. आमच्याकडे तुकोबाला तुका म्हणतात तसाच हा घरचा माणूस आहे.

आधी सोपं. अल्फोन्सांना 12 ऑक्टोबर 2008 ला पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी संतपद दिलं, त्या भारतातल्या पहिल्या स्त्री संत. पेपरवाल्यांनी "स्त्री" हा शब्द गाळला की कन्फ्युजन सुरू होतं. नंतर 15 मे 2022 ला देवसहायम पिल्लै यांना संतपद मिळालं, ते धर्मगुरू नाहीत, ब्रदर नाहीत, साधे संसारी गृहस्थ, म्हणून भारतातले पहिले प्रापंचिक संत. गोन्सालोला संतपद मिळालं 8 जून 1862 ला, पोप नववे पायस यांच्या हातून. म्हणजे भारतात जन्मलेल्यांमध्ये पहिला तोच, बाकी दोघांच्या जवळजवळ दीडशे वर्षं आधी. फ्रान्सिस झेवियर, जॉन द ब्रिटो ही नावं मध्ये आणू नका, ते इथे काम करून गेले पण जन्मले युरोपात.

आता वसईचा की पोर्तुगीज. जन्म 1556-57 चा, गाव वसई, पोर्तुगीज तिला बासैं म्हणायचे. गुजरातच्या बहादूरशहाने 1534 च्या तहात वसई आणि आजूबाजूचा मुलूख पोर्तुगीजांना दिला त्याला तेव्हा जेमतेम वीस-बावीस वर्षं झालेली. वडील पोर्तुगीज, आई इथली, असंच साधारण धरलं जातं. गार्सिया हे आडनाव बघून लोक लगेच गोरा साहेब डोळ्यांपुढे आणतात, पण वसईत तर आजही घराघरात परेरा, डाबरे, लोपीस, मच्याडो शेजारी शेजारी नांदतात, आडनावावरून इथे कुणाचं रक्त ठरत नाही. त्या काळात पोर्तुगीज वसाहतीत माणसांची उतरंड पक्की होती, खुद्द पोर्तुगालमध्ये जन्मलेले वर, मग इथे जन्मलेले गोरे, मग मिश्र, मग स्थानिक. गोन्सालो या शिडीच्या खालच्या अर्ध्यात होता, हे लक्षात ठेवा, पुढे त्याच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी अडचण इथूनच निघते.

अजून एक गोष्ट सांगून टाकतो, कारण ती न सांगता पुढे गेलं की कमेंटमध्ये भांडण होतं. त्या काळची वसई म्हणजे नुसती सुंदर चर्चेसची वसई नव्हती. आंतोनियो द पोर्तो नावाचे फ्रान्सिसकन, म्हणजे संत फ्रान्सिसच्या संघातले, फादर इथे आले, त्यांनी देवळं पाडली, बोरिवलीच्या मंडपेश्वरच्या लेण्यात चर्च थाटलं, हे चर्चच्याच कागदपत्रांत आहे, लपवायचं काही नाही. गोन्सालो जन्मला तेव्हा हे सगळं नुकतंच होऊन गेलेलं होतं, आणि तो ज्या शाळेत शिकला ती या व्यवस्थेचाच भाग होती. पण त्याने स्वतः आयुष्यभर जे केलं ते वेगळ्या देशात, जिथे पोर्तुगीजांची सत्ता नव्हती, तोफा नव्हत्या, आणि तिथल्या राजाने एका हुकमाने सगळं बंद पाडावं अशी परिस्थिती होती. दोन्ही गोष्टी एका डोक्यात ठेवता आल्या पाहिजेत.

तर शाळा. वसई किल्ल्यात येशूसंघीयांचं, म्हणजे जेझुइट लोकांचं कॉलेज होतं, पोरगा तिथे शिकायला. सेबास्तियाँव गोन्साल्विस नावाच्या फादरांनी त्याला हाताशी धरलं. हेच फादर पुढे 1572 मध्ये त्याला सोबत घेऊन जपानला निघाले. पोराचं वय पंधरा-सोळा. वसईहून जपान हा प्रवास आज सांगताना एका वाक्यात संपतो, तेव्हा गोवा, मलाक्का, मकाव असे टप्पे घेत वाऱ्याच्या मोसमाची वाट बघत बघत जावं लागायचं. फ्रान्सिस झेवियर 1549 मध्ये कागोशिमाला उतरले होते, म्हणजे जपानी मिशन अजून पंचवीस वर्षांचंसुद्धा झालेलं नव्हतं, आणि मिशनला माणसं हवी होती, त्यातही अशी की जी भाषा शिकतील.

इथेच या माणसाची खरी गोष्ट सुरू होते असं माझं स्पष्ट मत आहे. रक्तसाक्षी, म्हणजे धर्मासाठी जीव देणारा, म्हणून त्याची शेवटची दोन तासांची गोष्ट सगळे सांगतात, पण तो तिथपर्यंत पोचला तो त्याच्या जपानी भाषेमुळे. कोवळ्या वयात गेलेला पोरगा, त्याला जपानी अशी यायला लागली की मोठ्या वयात गेलेल्या युरोपियन फादरांना ती आयुष्यभर जमली नसती. आठ-दहा वर्षं तो जेझुइटांबरोबर धर्मशिक्षक म्हणून राबला, पोरांना, खेड्यातल्या लोकांना प्रश्नोत्तरं शिकवायची, फादर प्रवचन देतील तेव्हा सोबत उभं राहायचं, आजाऱ्यांकडे जायचं. पदवी काही नाही, पगार काही नाही, पण मिशन चालायचं ते असल्याच पोरांवर.

आणि त्याची इच्छा एकच, की मला संघात घ्या. त्यांनी घेतलं नाही.

आता का घेतलं नाही याबद्दल भाविक पुस्तकांत गोडगोड लिहिलेलं असतं, देवाची योजना वगैरे. मी थोडं कोरडं सांगतो. त्या वर्षांत जेझुइटांचे पूर्वेकडचे सगळ्यात मोठे अधिकारी होते आलेस्सांद्रो वालिन्यानो, इटालियन, जबरदस्त हुशार माणूस, जपानी रीतिरिवाज फादरांनी शिकलेच पाहिजेत असा आग्रह धरणारा, जपानी तरुणांना संघात घ्या म्हणणारा. पण हाच माणूस भारतात जन्मलेल्या आणि मिश्र रक्ताच्या लोकांना संघात घ्यायच्या विरोधात होता आणि त्याने ते लिहूनही ठेवलंय. गोन्सालोच्या दारात हीच भिंत उभी होती असं मला वाटतं. जपानी असता तर कदाचित आत गेला असता, पोर्तुगालहून आला असता तर नक्कीच. वसईचा होता म्हणून दारात राहिला.

मग त्याने काय केलं, तर धंदा. हे मला फार आवडतं त्याच्यात. रडत बसला नाही, वसईला परत आला नाही, त्याच भागात व्यापार सुरू केला. जपानी येते, पोर्तुगीज येते, बंदरातली माणसं ओळखीची, ख्रिस्ती लोकांचा विश्वास, याहून मोठं भांडवल व्यापाऱ्याला काय लागतं? त्या काळी मकावहून चिनी रेशीम जपानला जायचं आणि जपानची चांदी परत यायची, आणि या धंद्यात पैसा भरपूर. त्याचा जम बसला, मकाव, जपान, मनिला अशी ये-जा सुरू झाली. संतांच्या चरित्रात यशस्वी व्यापाऱ्याचा एक चॅप्टर असतो हे लोकांना ऐकायला विचित्र वाटतं, पण मुंबईच्या जवळ जन्मलेल्या माणसाबद्दल तर वाटायला नको.

मनिला म्हणजे स्पॅनिश लोकांचा गड. तिथे त्याची गाठ पडली फ्रान्सिसकनांशी, त्यातही अनवाणी फ्रान्सिसकन, जे चपला घालत नाहीत, जाडंभरडं कापड, भीक मागून खाणं. धंद्यात मुरलेल्या माणसाने सगळं सोडून या लोकांत जायचं ठरवलं आणि त्यांनी त्याला घेतलं. पण लक्षात घ्या, तो फादर झाला नाही, ब्रदरच राहिला, म्हणजे मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) अर्पण करायचा अधिकार त्याला कधीच नव्हता. अजूनही काही ठिकाणी "फादर गोन्सालो" असं छापलेलं दिसतं, ते चूक आहे.

आता जरा राजकारण, कंटाळू नका, याशिवाय मृत्यू कळणार नाही.

जपानमध्ये तेव्हा सत्ता होती तोयोतोमी हिदेयोशीची. शेतकरी-शिपायाच्या घरचा माणूस, लढाया आणि चतुराई यांच्या जोरावर अख्ख्या देशाचा मालक झालेला. 1587 मध्ये त्याने फर्मान काढलं की परदेशी पाद्र्यांनी देश सोडावा. पण ते फर्मान कडक राबवलं नाही, कारण पोर्तुगीज जहाजं हवी होती आणि जहाजांबरोबर पाद्री येणारच. जेझुइट लोक गप्प राहून, काळे झगे आत ठेवून काम करत राहिले, हिदेयोशीनेही डोळेझाक केली. ख्रिस्ती लोकसंख्या तेव्हा अडीच-तीन लाखांच्या घरात गेली होती असं साधारण धरतात.

मग हिदेयोशीची नजर मनिलावर गेली. कोरियावर स्वारी चालूच होती, तिकडे चीन जिंकायच्या गप्पा, आणि मनिलाच्या स्पॅनिश गव्हर्नरला पत्र की मला मान द्या, खंडणी पाठवा. या पत्रव्यवहारात तो असंही लिहायचा की मी आईच्या पोटात असताना सूर्याचा प्रकाश तिच्या पोटात शिरल्याचं स्वप्न पडलं होतं, म्हणजे जिथवर सूर्य पोचतो तिथवर माझं राज्य. मनिलाकडे लढायला पुरेसं सैन्य नव्हतं. गव्हर्नर गोमेस पेरेस दास्मारिन्यास यांनी शहाणपणा केला, 1593 मध्ये फ्रान्सिसकन फादर पेद्रो बाउतिस्ता यांना वकील, म्हणजे राजदूत, म्हणून पाठवलं. आणि वकिलाला बोलता कसं येणार? तर दुभाषा म्हणून ब्रदर गोन्सालो गार्सिया.

म्हणजे बघा, ज्या मिशनने त्याला दारात ठेवलं होतं त्याच देशात तो परत आला, राजाच्या दरबारात वकिलाची जीभ होऊन. क्यूशू बेटावर नागोया नावाचा किल्ला होता, आजचं मोठं नागोया शहर नाही, हे वेगळं, कोरियाच्या मोहिमेसाठी बांधलेली छावणी. तिथे भेट झाली. हिदेयोशी दरडावून बोलायचा आणि पेद्रो बाउतिस्तांचं उत्तर असायचं की मैत्री करू, पण आमचा राजा दुसरा आहे. या दोन वाक्यांच्या मध्ये उभं राहून, समोरच्याचा राग न वाढवता, आपल्या माणसाचं म्हणणं न बदलता बोलणं, हे काम किती अवघड असेल, जरा विचार करा. एक शब्द इकडचा तिकडे झाला असता तर सगळे तिथेच संपले असते. झालं उलट. हिदेयोशी खूश झाला, त्यांना क्योटोला राहायची परवानगी मिळाली, जागा मिळाली.

1594 पर्यंत क्योटोमध्ये फ्रान्सिसकनांचं चर्च आणि मठ उभा राहिला, शेजारी गरिबांसाठी हॉस्पिटल, त्यात कुष्ठरोगी सुद्धा, पुढे ओसाकालाही छोटा मठ. ही हॉस्पिटलं म्हणजे त्यांच्या कामाचा कणा. त्या काळच्या जपानमध्ये कुष्ठरोग्याला हात लावणारा माणूस म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको. आणि तिथे दिवसभर लोकांशी बोलणं, समजावणं, शिकवणं, यात गोन्सालोवर किती भार असेल ते तुम्हीच समजा.

पण हे सगळं उघडउघड चाललेलं, घंटा वाजवून, मिस्सा करून, फ्रान्सिसकन झगे घालून. आणि जेझुइट वैतागलेले. त्यांचं म्हणणं असं की पोप तेरावे ग्रेगरी यांनी 1585 मध्येच आदेश काढलाय की जपानमध्ये फक्त येशूसंघीयांनीच काम करायचं, तुम्ही वकील म्हणून घुसलात आणि आता प्रचार करताय, आम्ही इतकी वर्षं जपून चालवलेलं सगळं तुमच्यामुळे बुडेल. फ्रान्सिसकन म्हणायचे आम्हाला राजाचीच परवानगी आहे, मग लपायचं कशाला. शिवाय मागे पोर्तुगीज विरुद्ध स्पॅनिश हा व्यापाराचा झगडा होताच, दोन्ही देशांचा राजा तेव्हा एकच असला तरी. माझं मत विचाराल तर जेझुइटांची भीती खरी ठरली, पण त्यामुळे फ्रान्सिसकन चूक होते असं होत नाही. दोन्ही बाजूंची पत्रं वाचली की कुणावर राग धरावा हेच कळेनासं होतं.

ठिणगी पडली ती सान फेलिपे जहाजामुळे. जुलै 1596 मध्ये मनिलाहून मेक्सिकोच्या आकापुल्कोला निघालेलं मोठं स्पॅनिश जहाज, अफाट किमतीचा माल भरलेला. वादळांनी झोडपलं, आणि ऑक्टोबरमध्ये शिकोकू बेटावर तोसा प्रांतात उरादोच्या किनाऱ्याला लागून फुटलं. तिथला सरदार चोसोकाबे मोतोचिका याने माल ताब्यात घेतला आणि वर कळवलं. कप्तान मातियास द लांदेचो याने माणसं क्योटोला फ्रान्सिसकनांकडे पाठवली, की मध्यस्थी करा. हिदेयोशीने आपला अधिकारी माशिता नागामोरी पाठवून सगळा माल जप्त केला.

इथे टायमिंग बघा. सप्टेंबर 1596 मध्ये मोठा भूकंप होऊन हिदेयोशीचा नवाकोरा फुशिमी किल्ला कोसळला होता. चीनच्या दूतांशी तहाची बोलणी फिसकटली होती, कोरियावर दुसऱ्यांदा स्वारी करायची होती, आणि स्वारीला पैसा लागतो. अशा वेळी दारात खजिना वाहून आला तर तो परत कोण देणार?

प्रसिद्ध गोष्ट अशी की जहाजाच्या सुकाणूवाल्याने जपान्यांना जगाचा मॅप दाखवला, स्पेनच्या राजाचं राज्य केवढं ते सांगितलं, आणि एवढं कसं मिळवलं असं विचारल्यावर म्हणाला की आधी पाद्री पाठवतो, मग सैन्य. ही गोष्ट शाळेच्या पुस्तकापासून व्हॉट्सअॅपपर्यंत सगळीकडे फिरते. तो नेमकं काय बोलला यावर तेव्हाच भांडण लागलं होतं. जेझुइट म्हणायचे स्पॅनिश सुकाणूवाल्याने घात केला, स्पॅनिश म्हणायचे पोर्तुगीजांनीच हिदेयोशीचे कान भरले की हे लोक देश गिळायला आलेत. मला असं दिसतं की हिदेयोशीला माल ठेवायला कारण पाहिजे होतं आणि दोन्ही बाजूंनी त्याला कारण पुरवलं. आणि खोटं का बोला, मेक्सिकोत आणि फिलिपिन्समध्ये जे झालं होतं ते बघता त्याची शंका अगदी हवेतली नव्हती. पण क्योटोच्या हॉस्पिटलात कुष्ठरोग्यांच्या जखमा धुणारे अनवाणी ब्रदर म्हणजे स्पेनचं सैन्य, हे त्यालाही पटलं नसणार.

डिसेंबर 1596 मध्ये क्योटो आणि ओसाकाच्या मठांवर पहारे बसले. शेवटी चोवीस जणांची यादी पक्की झाली. इशिदा मित्सुनारी या अधिकाऱ्याने यादी छोटी ठेवायचा प्रयत्न केला, आणि नाक-कान कापायचा हुकूम होता तोही त्याने सौम्य केला, फक्त डाव्या कानाचा तुकडा कापायचा. 3 जानेवारी 1597 ला क्योटोमध्ये ते झालं. मग बैलगाड्यांत घालून क्योटो, ओसाका, साकाईच्या रस्त्यांवरून धिंड. पुढे एक फलक, त्यावर शिक्षेचं कारण, की हे लोक वकील म्हणून आले आणि मी बंदी घातलेला धर्म शिकवत राहिले, म्हणून यांना नागासाकीत क्रुसावर द्या.

नागासाकीच का? कारण तेच ख्रिस्ती लोकांचं शहर, तिथेच पोर्तुगीज जहाजं लागायची. दहशत बसवायची तर तिथेच.

साकाईहून नागासाकी म्हणजे सुमारे 800 किलोमीटर, जानेवारीची थंडी, बर्फ, बहुतेक रस्ता पायी. हिमेजी, ओकायामा, मिहारा, हाकाता, कारात्सू असं करत जवळजवळ महिनाभर. मिहाराला असताना तोमास कोझाकी नावाच्या चौदा वर्षांच्या पोराने आईला पत्र लिहिलं. त्याचा बापही त्याच यादीत होता. पत्र बापाच्या अंगावर सापडलं, ते पत्र मी पोरांना वाचून दाखवतो तेव्हा वर्ग गप्प होतो, आईला तो सांगतोय की मिस्सेला फादर नसले तरी शेवटच्या घडीला पापांचा मनापासून पश्चात्ताप कर, आणि धाकट्या भावांना सांभाळ. वाटेत सोबत चालून सेवा करणारे दोन जण, पेद्रो सुकेजिरो आणि फ्रान्सिस्को, त्यांनाही पकडून घातलं, असे झाले सव्वीस. हिशोब असा: फ्रान्सिसकन सहा, जेझुइट तीन, तिघेही जपानी, त्यात पौलो मिकी सगळ्यात प्रसिद्ध, आणि बाकी सतरा जपानी प्रापंचिक माणसं, कुणी स्वयंपाकी, कुणी सुतार, आणि पोरं. सगळ्यात लहान लुईस इबाराकी, बारा वर्षांचा. सव्वीसांत जपानी वीस, बाकी सहा बाहेरचे: चार स्पॅनिश, एक मेक्सिकोत जन्मलेला फेलिपे द हेसूस, आणि एक आमचा वसईवाला. फेलिपेची गंमत, म्हणजे गंमत कसली, तो त्याच सान फेलिपे जहाजातून घरी मेक्सिकोला निघाला होता, धर्मगुरूपदाची दीक्षा घ्यायला.

नागासाकीला शिक्षा पार पाडायची जबाबदारी तेराझावा हानझाबुरो या अधिकाऱ्यावर. तो पौलो मिकीचा ओळखीचा होता, छोट्या लुईसला बघून हलला, म्हणाला धर्म सोड, तुला वाचवतो. पोराने नाही म्हटलं. हे सुटायचं दार शेवटपर्यंत उघडं होतं, म्हणूनच चर्च यांना रक्तसाक्षी म्हणतं, नुसतं राजकारणात चिरडले गेलेले म्हणत नाही. राजकारणाने त्यांना पकडलं हे खरंच, पण मरणं हे त्यांनी स्वतः नाकारलं नाही.

5 फेब्रुवारी 1597, निशिझाका टेकडी, समोर नागासाकीची खाडी. नेहमीच्या गुन्हेगारांना मारतात त्या जागी नको अशी पोर्तुगीजांनी विनंती केली म्हणून रस्त्यापलीकडे गव्हाच्या शेतात क्रूस ओळीने मांडून ठेवले होते. आता ऐकीव चित्रांपेक्षा वेगळं काय ते सांगतो. खिळे नव्हते. जपानी पद्धतीत हात, पाय आणि गळा लोखंडी कड्यांनी किंवा दोरांनी अडकवायचे, पायाखाली आडवी फळी, मध्ये बसायला खुंटी. मग क्रूस उभा करायचा आणि दोन्ही बाजूंनी दोन भालेवाले, भाले खालून तिरके फासळ्यांतून वर. मरण खिळ्यांच्या मानाने झटपट यायचं.

साक्षीदारांनी गोन्सालोबद्दल एक गोष्ट सांगितली आहे आणि माझ्या दृष्टीने अख्ख्या चरित्रात तो तिथेच सगळ्यात स्पष्ट दिसतो. टेकडीवर पोचल्याबरोबर तो सरळ एका क्रुसापाशी गेला आणि विचारलं, हा माझा का? नाही म्हणाले. मग दुसऱ्यापाशी नेलं, तिथे त्याने गुडघे टेकले आणि क्रुसाला मिठी मारली, आणि मग बाकीचे एकेक करून तसंच करायला लागले. मोठं वाक्य नाही, भाषण नाही. आयुष्यभर दुसऱ्यांचे शब्द इकडून तिकडे नेणारा माणूस, त्याचं स्वतःचं म्हणून आठवलं जाणारं वाक्य काय, तर एक प्रॅक्टिकल प्रश्न. भाषण पौलो मिकीने केलं, क्रुसावरून, त्याने सांगितलं की मी फिलिपिन्सहून आलेलो नाही, मी जपानी आहे, आणि मारणाऱ्यांना मी क्षमा करतो. फेलिपेच्या पायाखालची फळी नीट बसली नव्हती, गळ्याच्या कड्याने तो गुदमरायला लागला म्हणून त्याला आधी भाले मारले. पेद्रो बाउतिस्तांचा नंबर शेवटी लागला. गर्दी पहारा तोडून आत घुसली, लोकांनी रक्तात कापडं भिजवून घेतली. प्रेतं कित्येक महिने तशीच क्रुसावर ठेवली होती. या सगळ्याचा सविस्तर वृत्तांत जेझुइट लुईस फ्रोईश यांनी लिहिला, तो लिहून झाल्यावर त्याच वर्षी जुलैमध्ये ते नागासाकीतच वारले. हिदेयोशी दीड वर्षाने, सप्टेंबर 1598 मध्ये गेला.

1627 मध्ये पोप आठवे अर्बन यांनी सव्वीसही जणांना धन्यवादित (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं, म्हणजे मरणानंतर फक्त तीस वर्षांत. मग संतपदाला 1862 उजाडावं लागलं. मधल्या काळात इकडे वसईत काय झालं, तर मे 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला, पोर्तुगीज निघून गेले, किल्ल्यातली चर्चेस ओस पडली, झाडं उगवली. गोन्सालो ज्या शहरात शिकला ते शहरच उरलं नाही. गावागावांतले कुपारी, वाडवळ, कोळी ख्रिस्ती मात्र राहिले, आणि आज त्याची आठवण ठेवणारे तेच. तिकडे मेक्सिकोत क्वेर्नावाकाच्या कॅथेड्रलच्या भिंतींवर या सव्वीसांची मोठी चित्रं रंगवलेली आहेत, म्हणजे वसईचा पोरगा मेक्सिकोच्या भिंतीवर, आणि आपल्यातल्या निम्म्यांना हे माहीतही नसतं.

आणि जपानमध्ये? 1614 मध्ये हिदेयोशीनंतर सत्तेवर आलेल्या तोकुगावांनी पूर्ण बंदी आणली, 1622 मध्ये त्याच निशिझाकावर पन्नासहून जास्त लोकांना मारलं, मग अडीचशे वर्षं ख्रिस्ती धर्म जमिनीखाली. 1862 चं संतपद झाल्यावर लगेच फ्रेंच फादरांनी नागासाकीत ओउरा इथे चर्च बांधलं, याच सव्वीस रक्तसाक्षींच्या नावाने. मार्च 1865 मध्ये उराकामीचे काही शेतकरी तिथे आले आणि फादर पेतीजाँ यांना हळूच म्हणाले की आमचं आणि तुमचं मन एकच आहे. फादरांशिवाय, मिस्सेशिवाय, सात पिढ्या लपून धर्म टिकवलेले लोक. बंदी प्रत्यक्षात उठली 1873 मध्ये. निशिझाकावर 1962 मध्ये, संतपदाच्या शताब्दीला, स्मारक आणि म्युझियम झालं, काशाचे सव्वीस पुतळे ओळीने, शिल्पकार फुनाकोशी यासुताके. पोप जॉन पॉल दुसरे 1981 मध्ये आणि पोप फ्रान्सिस नोव्हेंबर 2019 मध्ये तिथे जाऊन आले. नागासाकीला कधी गेलात तर स्टेशनपासून चालत जाता येतं, जवळच आहे. गोन्सालोचा पुतळा शोधा.

वसईत बघायचं असेल तर किल्ल्यात जेझुइटांच्या जुन्या चर्चला आता लोक गोन्सालो गार्सिया चर्च म्हणूनच ओळखतात, त्याच्या लगत कॉलेजचे अवशेष आहेत. ते फ्रान्सिसकनांच्या चर्चशी घोळू नका, फ्रान्सिसकन चर्च म्हणजे जिथे जमिनीवर थडग्यांचे दगड पसरलेत ते. गाइड लोक कधीकधी उलटं सांगतात, कारण गोन्सालो फ्रान्सिसकन होता ना, मग त्याचं चर्चही तेच असणार असं वाटतं. पण तो शिकला जेझुइटांकडे. किल्ल्याबाहेर त्याच्या नावाचं कॉलेज आहे, तिथल्या बऱ्याच पोरांना तो कोण हे विचारलं तर "पोर्तुगीज फादर" असं उत्तर येतं, दोन्ही शब्द चुकीचे.

राहिला सणाच्या तारखेचा प्रश्न, तोही कुणीतरी विचारणारच. मृत्यू 5 फेब्रुवारीचा, पण त्या दिवशी चर्चच्या कॅलेंडरमध्ये आधीपासून संत आगाथाचा सण आहे, म्हणून चर्चच्या जागतिक कॅलेंडरमध्ये "पौलो मिकी आणि सोबती" यांचा सण 6 फेब्रुवारीला येतो. गोन्सालो त्या "सोबती"मध्ये बसतो, म्हणून त्या कॅलेंडरमध्ये त्याचं नाव शोधलं तर सापडत नाही.